ओटीवरची बाग

गावदेवीच्या पालखीला या वर्षी ओटी सजवायची, आणि सजवील ती धाकटी सून राही, असं म्हाताऱ्या गोदूबाईंनी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्यामुळे थोरल्या मुलाला, केसरीनाथला, बोलायला जागाच उरली नाही. त्याने भाताचं ताट पुढे सरकवलं आणि हात धुवायला उठला.

चौऱ्याहत्तरचा चैत्र होता. वळ गावात पालखीच्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या ओटीवर काहीतरी आरास करायचं. कुणी आंब्याचे टहाळे बांधायचं, कुणी नुसतंच रांगोळीवर भागवायचं. या पाटलांच्या घराची ओटी मात्र पाच वर्षं तशीच उघडी राहिली होती. त्याआधी दरवर्षी शेजारच्या गावांतल्या बायासुद्धा ती बघायला येत. महादूची पहिली बायको काशी परसातली अख्खी बागच ओटीवर आणून मांडायची. मग काशी खाडीत गेली. परसाच्या दाराला कडी लागली आणि ती काढावी असं पुन्हा कुणाला वाटलं नाही.

राही काशीच्या जागी या घरात आली त्याला चार वर्षं होत आली होती. ती भिवंडी शहरात वाढलेली. ब्राह्मण आळीतल्या घरांमधली चैत्रातली हळदीकुंकवं तिने लहानपणी दारातून पाहिली होती. पायऱ्या पायऱ्यांची मांडणी, फुलांच्या राशी, मधोमध गौर. तसं काहीतरी आपल्या ओटीवर करावं हे तिच्या मनात पहिल्या वर्षापासून होतं, पण विचारायचा धीर नव्हता. यंदा तिला दिवस राहिले होते. चौथा महिना चालू होता, आणि म्हातारी तिचं काहीही ऐकायला तयार होती.

तिने परसाची कडी काढली तेव्हा आत रान माजलेलं असेल अशीच तिची समजूत होती. रान नव्हतं. मोगऱ्याच्या बुंध्याशी आळं केलेलं होतं, आणि आळ्यातली माती ओली होती. अबोली फुलली होती. सोनचाफ्याखालचा पाचोळा कुणीतरी एका बाजूला ओढून ठेवला होता. राही थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग सासूबाईंनी कुणाला तरी सांगून करून घेतलं असेल, असं म्हणून तिने टोपल्यांत माती भरायला घेतली.

त्या टोपल्यांत तिने भात आणि मूग पेरले आणि फडक्याखाली झाकून माजघराच्या अंधारात ठेवले. उन्हाशिवाय उगवलेले कोंब पिवळेधमक आले, हळदीने माखल्यासारखे. पालखीच्या आदल्या दिवशी सकाळी तिने त्या टोपल्या ओटीवर आणल्या आणि एकीशेजारी एक अशा सरळ रांगेत मांडल्या. मागे आंब्याच्या डहाळ्या, पुढे तुळस, कडेला केळीचे खुंट. महादू नारपोलीला पॉवरलूमवर ड्युटीला निघाला होता. जाताना तो पायरीवर थांबला, टोपल्यांकडे बघत राहिला आणि छान झालंय म्हणून निघून गेला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता हे राहीच्या लक्षात आलं. पण त्याचा अर्थ तिला कळत होता. त्याला जे आठवत असेल त्यात आपण पडू नये, असं तिने लग्नाच्या वेळीच ठरवलं होतं.

दुपारी घर निजलं. बाहेर वाऱ्याची झुळूक नव्हती. राहीचाही डोळा लागला. उठून ती ओटीवर आली तेव्हा टोपल्या जागेवर नव्हत्या.

म्हणजे ओटीवरच होत्या, पण रांग मोडली होती. खाडीचा बांध वळावा तशा त्या वळत वळत दारापर्यंत मांडल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या टोपल्यांमधून रेतीची एक अरुंद वाट केली होती, पायरीपासून थेट उंबऱ्यापर्यंत. मध्ये पितळी परातीत पाणी होतं, त्यावर चाफ्याची फुलं तरंगत होती. राहीने वाकून रेतीला हात लावला. रेती ओली होती आणि तिला खाडीचा वास येत होता.

राहीला आधी बरंच वाटलं. तिची थोरली जाऊ हौसा, केसरीनाथची बायको, या चार वर्षांत तिच्याशी कामापुरतं बोलत आली होती. तिने आपण झोपलेली असताना एवढं केलं, हे राहीला फार मोठं वाटलं. ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या हौसाकडे गेली आणि म्हणाली, की आक्का, किती सुंदर केलंत तुम्ही.

काय केलं, असं विचारत हौसा उठून बाहेर आली. आरास दिसताच ती उंबऱ्यावरच बसली. हातातलं सूप कलंडलं, तांदूळ सांडले, ते तिने गोळाही केले नाहीत.

हौसाने काशीबरोबर या घरात सात वर्षं काढली होती. देवी आपल्या पायांनी घरात येते, तिला चालायला वाट नको का, असं काशी दरवर्षी म्हणायची आणि खाडीवरून पदराच्या ओटीत रेती घालून आणायची. त्या वाटेवरून मुलांनाही ती चालू द्यायची नाही. हे गावात दुसरं कुणी करत नव्हतं. राहीला ते कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण घरात काशीचं नावच निघत नसे.

त्या दुपारी हौसाने राहीला जवळ बसवून पहिल्यांदाच सगळं सांगितलं. काशीला दोनदा मूल झालं. दोन्ही वेळा मूल न रडताच गेलं. दुसऱ्या खेपेनंतर काशीने पाळण्यात परसातली माती भरली आणि त्यात भात पेरला. कोंब वर आले तेव्हा ती पाळणा हलवत बसायची, आणि कुणी बोललं तर तोंडावर बोट ठेवायची. मग एक दिवस ती घरात नव्हती. तिचं लुगडं खाडीच्या चिखलात सापडलं, ती सापडली नाही. गावच्या लोकांनी होड्या घालून शोधलं. शेवटी दर्भाची बाहुली करून तिला अग्नी दिला आणि दिवस घातले.

“पिंडाला कावला शिवला न्हाय,” हौसा म्हणाली. “समदे उन्हात उभे. कावले झाडावर बसलेले, पन खाली येक येईना. मंग दर्भाचा कावला करून शिवला.”

तिने राहीचा हात धरला. तिचा हात थंड होता. राहीने तो सोडवून घेतला नाही. काशीचा जीव अडकला आहे आणि ती पालखीला घरी आली आहे, याबद्दल त्या दोघींपैकी कुणालाच शंका वाटली नाही. इतक्या वर्षांत प्रथमच त्या एका बाजूच्या झाल्या होत्या. हौसाने तिला एकटीने परसात जाऊ नकोस म्हणून बजावलं आणि तिच्या पदराच्या टोकाला मीठमोहऱ्या बांधल्या.

संध्याकाळी केसरीनाथ आला. हौसा दारात उभी राहून त्याचा चेहरा बघत होती. हा मोठा, आडवा, पंचायतीत शब्द खाली पडू न देणारा माणूस पायरीवर थबकला आणि रेतीच्या वाटेकडे बघत राहिला. त्याला भीती वाटली हे तिला दिसलं. पण आपल्याला वाटली तशी ती भीती नव्हती. त्याने देवाकडे पाहिलं नाही, तोंडातून देवाचं नाव काढलं नाही. तो घराला वळसा घालून परसात गेला. हौसा मागोमाग गेली. कुंपणापाशी वाकून तो चिखलात काहीतरी शोधत होता, आणि तिथून पुढे बांधावर.

तो पावलांचे ठसे शोधत होता हे तिला कळलं, आणि मग पुढचंही कळलं. मेलेल्या माणसाचे ठसे कुणी शोधत नाही.

तो उभा राहिला तेव्हा हौसा समोर होती. तिने आवाज चढवला नाही. काशी कुठे आहे, एवढंच विचारलं. केसरीनाथने आधी तिला आत जायला सांगितलं, मग आणखी एकदा सांगितलं, आणि तरी ती हलली नाही तेव्हा तो चाफ्याखालच्या दगडावर बसला.

मालाच्या ट्रकमधून आपणच तिला नेलं, असं तो म्हणाला. उत्तरेकडे, एका देवळाच्या आवारात बसवलं, हातात पेढे दिले आणि येतो म्हणून निघालो. लुगडं खाडीवर आपणच टाकलं. महादू तिच्यापायी कामाला जात नव्हता, तोही पाळण्याशी बसायला लागला होता. भाऊ हातचा गेला असता. बोलताना तो हौसाकडे बघत नव्हता.

“मी तिला मारली न्हाय,” तो शेवटी म्हणाला. “खायला मिलतं तिथं. लोक देवाच्या दारात उपाशी ठेवत न्हाईत.”

त्याने परसाच्या दाराला कुलूप घातलं आणि ओटीवर येऊन आरास काढून टाका म्हणून सांगितलं. तेवढ्यात महादू ड्युटीवरून परतला. पायरीवर उभं राहून त्याने ती रेतीची वाट बघितली, तिची वळणं बघितली. मोठ्या भावासमोर महादू कधी उलट बोललेला नव्हता. आता तो फक्त राहू दे म्हणाला, आणि टोपल्यांच्या आणि केसरीनाथच्या मध्ये जाऊन बसला. आतून गोदूबाईंनीही तेच सांगितलं.

हौसाने ऐकलेलं कुणाला सांगितलं नाही. राहीला सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. पण त्या पोरीच्या पोटात मूल होतं, आणि काशी जिवंत असली तर ही या घरात कोण, याचं उत्तर हौसाकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी राही तिच्याशी आदल्या दिवसासारखी मोकळेपणाने बोलायला गेली तेव्हा हौसाने मान फिरवली. आपलं काय चुकलं ते राहीला कळेना.

पालखीच्या दुपारी ओटी बायांनी भरून गेली. आरास बघायला गाव लोटलं होतं. राही हळदीकुंकवाचं तबक घेऊन फिरत होती. बाया कौतुक करत होत्या, पण हळू आवाजात. जुन्या बायका ती रेतीची वाट बघून एकमेकींकडे पाहत होत्या आणि कुणीच तिच्यावर पाऊल टाकत नव्हतं. गोदूबाई दाराशी पाट टाकून बसल्या होत्या. शेजारी त्यांची नणंद जानकीबाई होती. ती गावातच दिलेली होती, आणि या घरातल्या प्रत्येक बारशाला आत्या म्हणून तीच येत आली होती.

लांबून पालखीचे ढोल ऐकू यायला लागले तेव्हा अंगणातल्या बाया बाजूला सरकल्या. का सरकल्या ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. मधून एक बाई आली. अंगावर विटकं पातळ, केस तेल नसल्याने भुरे झालेले, पदराच्या ओटीत अबोली. तिने पायरीवर पाय पुसले. वाटेवरून न जाता ती कडेकडेने आली, एक कलंडलेली टोपली सरळ केली, कोंबांवरून हात फिरवला. मग राहीच्या हातातलं तबक तिने घेतलं, घरची बाई घेते तसं, न मागता.

ती एकेकीला कुंकू लावत गेली. कुणी ओरडलं नाही. ज्या बाया तिच्या दिवसांचं जेवल्या होत्या त्यांनी तिच्यापुढे कपाळ केलं. एक-दोघींनी मान खाली घालून आधी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते, टाचांना भेगा होत्या.

ती राहीपाशी आली आणि थांबली.

“तू कोनाची गं? नवीन हायस?”

काशीने तिला कुंकू लावलं. मग तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि कुणालाही ऐकू जाऊ नये अशा बेताने तिच्या कानाशी आली.

“पालन्यात माती घालू नको. उगवतं, पन रडत न्हाय.”

पालखी अंगणात आली होती. पुढच्या दांडीला महादू होता. त्याने समोर पाहिलं आणि त्याचे पाय थांबले, म्हणून पालखीही थांबली. ढोल वाजवणाऱ्यांनी हात आवरले. ओवाळल्याशिवाय पालखी खाली ठेवत नाहीत. देवी खांद्यावर तशीच राहिली.

केसरीनाथ गर्दीतून पुढे आला. त्याने ओटीवर न चढताच सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की ही बाई आमची नाही. आमची काशी मेली, तिचे दिवस घातले, गाव जेवलं. कुणाला आठवत नसेल तर त्याने तसं सांगावं. त्याने जानकीबाईकडे पाहिलं. आत्या, बोल, म्हणाला.

जानकीबाईच्या कपाळावर ताजं कुंकू होतं. तिने खाली बघत मेली म्हणून सांगितलं. मग आणखी एकीने सांगितलं. मग कुजबुज सगळ्या ओटीवरून फिरली, मेली, मेली, आणि काशी तबक धरून ते नीट ऐकत होती, एखाद्या दूरच्या नातेवाइकाबद्दल ऐकावं तशी.

“कवा गेली?” तिने विचारलं.

हौसा तेव्हा उठली. ती नवऱ्याकडे न बघता पायरीपर्यंत आली आणि म्हणाली की काशी मेली नाही, यांनीच तिला ट्रकमधून नेऊन सोडली, मला कालच कळलं आणि मी गप्प बसले. एवढं बोलून ती काशीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. केसरीनाथने तिला नावाने हाक मारली. ती वळली नाही.

खांद्यावर पालखी असलेल्या महादूच्या घशातून एक आवाज आला. मागचे गडी त्याला धर म्हणत होते. तो धरून उभा होता.

राहीला सगळं एकदमच कळलं. नवऱ्याची बायको जिवंत होती. आपलं लग्न, आपलं मूल, या घरातली आपली जागा, सगळं त्या ओल्या रेतीसारखं पायाखालून सरकत होतं. मेली म्हणणाऱ्यांत आपणही एक शब्द घातला तर सगळं होतं तसं राहणार होतं. लोक तिच्याकडेच बघत होते. तिने काशीच्या हातातलं तबक काढून खाली ठेवलं आणि तिचा हात धरला. हात गरम होता, नखांत माती होती.

“आत चला, काशीताई,” ती म्हणाली.

गोदूबाईंनी काठी आडवी धरली.

“थांब. दिवस घातलेलं मानूस तसंच उंबऱ्यावरून घेत न्हाईत.” म्हातारीचा आवाज शांत होता. “महिना झाला येतंय ती. आगरा रोडनं आली, मानकोलीला उतरली. नारपोलीला मागावरच्या सुताच्या कांड्या भरतंय. दुपारी परसात येतंय, मी वाढतंय, ती खातंय. कावला शिवला न्हाय तवाच मना कललं व्हतं. म्हटलं, देवी दारात येईल त्या दिशी बघू.”

म्हातारी केसरीनाथला म्हणाली की तू म्हणतोस ते खरं आहे. मेलेली मेली. आता तिला परत जन्माला घालायची.

पुढचं सगळं ओटीवरच झालं, त्या पिवळ्या कोंबांच्या मधोमध. बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला. हौसाने काशीला हळद लावून कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, जन्मलेल्या मुलाला घालतात तसं, एका हाताने डोकं धरून. तिला गोदूबाईंच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलं. म्हातारीने पाय लांब केले आणि काशीचं डोकं मांडीवर घेतलं. काशी डोळे मिटून पडून राहिली. ढोल बंद होते, अंगणातली माणसं तोंड फिरवून उभी होती, आणि एवढ्या गर्दीत फक्त पाणी निथळल्याचा आवाज येत होता.

नाव सांगायला आत्या लागते. जानकीबाई पुढे यायला तयार होईना. गोदूबाईंनी राहीकडे पाहिलं.

“ये. आत्या नसंल तर भावजय नाव सांगंल. ही माजी लेक. तुजी ननंद.”

तेव्हा म्हातारीने काय केलं ते राहीला कळलं. लेक. म्हणजे सून नव्हे. महादूची बहीण. राहीची जागा राहीलाच राहिली होती, तिचं मूल तिचं राहिलं होतं, आणि त्याची किंमत लुगड्यात गुंडाळलेली ती बाई देत होती, जिला कुणी काही विचारलं नव्हतं. राहीला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटल्याची लाज पुढे तिला आयुष्यभर पुरली. ती वाकली. कोणतंही नाव ठेवलं असतं तरी चाललं असतं, आणि दुसरं ठेवलं तर बरं, असंही एक क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

तिने काशीच्या कानात कुर्रर्र केलं, आणि काशी असंच नाव सांगितलं.

काशीने डोळे उघडले. ती बराच वेळ राहीकडे बघत होती. त्या डोळ्यांत वेडसरपणा होता की दुसरं काही, हे राहीला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. मग काशी उठली. हौसाने तिला लुगडं नीट नेसवलं. आडोसा निघाला. निरांजन कुणी हातात दिलं ते कुणाला आठवत नाही, पण तिने ते घेतलं आणि पायऱ्या उतरून पालखीपुढे गेली. केसरीनाथ बाजूला झाला. त्याला व्हावंच लागलं.

तिने देवीला ओवाळलं. महादूचा चेहरा देवीच्या मुखवट्याच्या बाजूलाच होता. तो तोंड उघडून काही बोलू पाहत होता, आणि त्याच्या गालांवरून घाम वाहत होता की दुसरं काही, ते उन्हात सांगता येत नव्हतं.

काशीने निरांजन खाली केलं आणि त्याच्याकडे वर पाहिलं.

“दादा,” ती म्हणाली, “पालखी खाली ठेव. खांदा दुखत असंल.”